‘खो. २’ म्हणजे काय? एकाच गाडीच्या मालकाच्या वह्या कशा वाचाव्यात

प्रश्न थोडक्यात असा: लांजा तालुक्यातल्या एका गावात वडिलांचा, अण्णांचा, एकच मालट्रक होता. १९८६ ते २०१४ तो त्यांनी स्वतः चालवला. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तेवीस वह्या, एक दाभण, सुतळीचं बंडल आणि टाटा १२१०चं जुनं आरसी बुक सापडलं. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक पुस्तिका करायची आहे, पण वह्यांत वाक्यंच नाहीत, नुसत्या खुणा आहेत: ‘चि. ३००’, ‘खो. २’, ‘वा.’, ‘एं.’. एका पानावर, १४ नोव्हेंबर १९९१ला, नुसतं ‘को. खाली आलो’ एवढंच. मुलीचं म्हणणं, “आम्हाला अण्णा म्हणजे घरी नसलेला माणूस एवढंच आठवतं. यातून त्यांना कसं उभं करायचं?”

ताई, मी रत्नागिरीकडच्या पालीच्या बाजूचा. चौतीस वर्षं ट्रक चालवला, पहिली पाच दुसऱ्याचा, पुढे स्वतःचा. आता मुलगा पिकअप चालवतो आणि मी त्याला सल्ले देतो, ते तो ऐकत नाही. तुमच्या अण्णांची माझी ओळख होती असं मी म्हणणार नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर कधीतरी एकमेकांना डिपर मारला असेल, त्याला ओळख म्हणत नाहीत. पण वही मी ओळखतो. तसल्याच अठरा माझ्या माळ्यावर पडल्या आहेत.

‘खो.’ म्हणजे खोटी. गाडी खोटी झाली, म्हणजे भरलेली असो की रिकामी, चाक न हलता उभी राहिली. ‘खो. २’ म्हणजे दोन दिवस. तुमची पुस्तिका इथून सुरू करा, असं माझं मत आहे. लोकांना वाटतं ट्रकवाल्याचं आयुष्य म्हणजे रस्ता, वळणं, घाट, रात्र. ते असतंच, पण वही काढून दिवस मोजा. एका गाडीचा मालक जितके दिवस चालतो त्याहून जास्त दिवस थांबतो. चिरेखाणीवर मशीन बंद पडली म्हणून थांबतो. वाशीच्या बाजारात गाड्यांची रांग पुढे सरकत नाही म्हणून थांबतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्या भरायला नंबर येईना म्हणून थांबतो. जकात होती तोवर जकातीच्या नाक्यावर कागद बघणारा जेवायला गेला म्हणून थांबायचो. आणि सगळ्यात जास्त थांबतो तो परतीच्या भाड्यासाठी.

हे परतीचं भाडं नीट समजून घ्या, नाहीतर त्या नोव्हेंबरच्या पानाचा अर्थ लागायचा नाही. जाताना जे भाडं मिळतं त्यात डिझेल, क्लीनरचा भत्ता, हमाली आणि जेवणखाण निघतं. नफा असलाच तर येतानाच्या मालात. म्हणून कोल्हापूरला माल उतरवला की हुंडेकऱ्याच्या, म्हणजे ट्रकला माल मिळवून देणाऱ्या दलालाच्या, ऑफिसात नाव लावायचं आणि गाडी ओळीत उभी करायची. नंबर आज लागला तर आज, नाहीतर परवा. मोठ्या मालकाच्या दहा गाड्या असतात, त्याला फोनवर माल मिळतो. एका गाडीच्या मालकाला बाकड्यावर बसूनच मिळतो. रिकामी गाडी घेऊन घाट उतरणं म्हणजे खिशातलं डिझेल जाळत घरी जाणं. वेडा माणूसही ते करत नाही.

तर त्या दोन दिवसांत हा माणूस काय करतो? हौद्याखाली, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाखाली, स्टोव्ह पेटवतो. भात, कुळथाची पिठी, सोबत भाजलेली सुकट. गाडी धुतो. ग्रीस मारतो. ताडपत्री अंथरतो आणि फाटलेली शिवत बसतो. तुमच्या पेटीत दाभण निघालं ते यासाठीच. कॅनव्हासची ताडपत्री चिऱ्याच्या कोपऱ्यांनी फाटते, आणि नवीन घ्यायची म्हटलं तर एका फेरीची कमाई जाते. पाच-सात ठिकाणी शिवलेली ताडपत्री घरात कुठे असली तर फेकू नका. ते टाके त्यांचेच आहेत. वहीतल्या अक्षरापेक्षा मला ते जास्त ओळखीचे वाटले असते.

आता बाकीच्या खुणा. ‘चि.’ म्हणजे चिरे, जांभ्याचे. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा, पावसात भिजला तर अजून जड. तीनशे चिरे म्हणजे नऊ-दहा टन. आता आरसी बुक बघा. टाटा १२१० या नावातला पहिला बारा म्हणजे माल आणि गाडी मिळून साधारण बारा टन, आणि पुढचा दहा म्हणजे शंभराच्या घरातली अश्वशक्ती. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माल सात-साडेसात टनांच्या पुढे बसत नाही. म्हणजे तुमचे अण्णा निदान दीड-दोन टन जास्त भरत होते. आम्ही सगळेच भरत होतो. याला धाडस म्हणू नका. भाडं चिऱ्यावर मिळायचं आणि हप्ता महिन्यावर असायचा, एवढंच त्याचं कारण. त्याची किंमत वहीत पुढेच सापडेल: ‘पा.’ म्हणजे स्प्रिंगचा पाटा तुटला, ‘टा.’ म्हणजे टायर. मागची चाकं नवीन टायरावर कुणी चालवत नसे. झिजले की रबर चढवून घ्यायचं, तेही दोनदा.

‘वा.’ म्हणजे वाराई. माल उतरवून घ्यायची मजुरी खरं तर माल घेणाऱ्याने द्यायची, पण ती ड्रायव्हरच्या खिशातून जाते. ज्याचा माल त्याचा हमाल, ही मागणी ट्रकवाल्यांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या. वही कुठल्याही सालची उघडा, ‘वा.’ आहेच. आणि ‘एं.’ म्हणजे एंट्री, वाटेत गुपचूप द्यावी लागणारी चिरीमिरी. ती कुणाला द्यावी लागायची ते अण्णांनी लिहिलं नाही, मीही कधी लिहिलं नाही. पुस्तिकेत ती गाळू नका. सभ्य दिसावं म्हणून गाळलीत तर हिशेब जुळायचा नाही.

डिझेल लिटरमध्ये लिहिलेलं असेल तर एक गंमत करता येईल. भरलेली असली गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास जायची, रिकामी पाच-साडेपाच. रत्नागिरीहून वाशी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे दोन्ही वेळा माल असला तर जाऊन-येऊन पावणेदोनशे लिटरच्या पुढेमागे. कागदावर गावाचं नाव नसलं तरी लिटरवरून फेरी ओळखता येते. त्याच फेरीला एखाद्या वेळी वीस लिटर जास्त गेलेले दिसले तर समजा की नोझल खराब झालं होतं, नाहीतर महामार्ग बंद होता आणि गाडी कुंभार्ली किंवा वरंध्याने फिरवून आणली. जास्तीचे लिटर जुलैत दिसले तर बहुतेक दरडच.

पावसाळ्याचं सांगायला हवं, कारण तुमचं म्हणणं ते घरी नसायचे. एप्रिल-मे मध्ये नव्हतेच. तेव्हा आगोट. पाऊस पडायच्या आत ज्याला घर बांधायचंय त्याला चिरा, वाळू, सिमेंट, कौलं सगळं हवं. दुकानदाराला चार महिन्यांचा माल भरायचाय. आणि त्यातच हापूस. तेव्हा ट्रकवाला वीस-वीस तास चाकावर असतो आणि घरी येतो तो फक्त कपडे बदलायला. (कपड्यांचा रंग आठवतोय का? तांबडे असतील तर चिऱ्याचा महिना, करडे असतील तर सिमेंटचा. आमची ही धुण्याच्या रंगावरून सांगायची की या आठवड्यात भाडं रोख आहे की उधार. सिमेंटचा दुकानदार रोख द्यायचा.)

पण जूनपासून? चिरेखाणी पाण्याने भरतात. वाड्यांतले कच्चे रस्ते संपतात. गाडी सड्यावर नाहीतर घरामागे उभी. चाकांखाली फळ्या, बॅटरी काढून पडवीत, आणि टॅक्स वाचावा म्हणून आरटीओकडे नॉनयूजचा अर्ज. एका वर्षी माझ्या केबिनमध्ये कोंबडी खुडूक बसली. गणपतीआधी गाडी बाहेर काढायची होती म्हणून ती आणि तिची अंडी टोपलीत घालून हलवावी लागली. तर ताई, निदान तीन महिने तुमचे अण्णा घरीच होते. भात लावत होते, गडगा रचत होते, छपराला झापं घालत होते. तुम्हाला ते आठवत नाहीत, कारण त्या दिवसांत हा माणूस घरात असून बोलत नाही. हप्ता सुरू असतो आणि गाडी उभी असते. माझीही मुलं म्हणतात, बाबा पावसात रागीट असायचे. मी रागावलेला नसायचो, बेरजा करत असायचो.

हापूसच्या पैशाचंही तेच. आंब्याचं भाडं पेटीमागे ठरतं. संध्याकाळी बागेतून पेट्या भरायच्या, मधून हवा खेळेल अशी थप्पी लावायची, ताडपत्री घट्ट आवळायची नाही, नाहीतर माल आत तापतो. रात्रभर चालवून पहाटेच्या आत वाशीला पोचायचं. सकाळी अकराला पोचलेला आंबा दुसऱ्याच भावाने जातो. वाशीला फळबाजार येण्याआधी हाच माल थेट मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जायचा, आणि तिथली गल्ली आठवली तरी मला अजून घाम फुटतो. इतकं करून भाडं कधी? तर बागायतदाराला दलालाकडून पट्टी येईल तेव्हा. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. सगळी कापाकापी होऊन ती कधी मेअखेर यायची, कधी गणपतीला. म्हणजे ट्रकवाला डिझेल रोखीने जाळतो आणि भाडं उधारीवर ठेवतो. ‘बाकी’ हा शब्द तुमच्या वह्यांत शेकडो वेळा असेल, त्यापुढे माणसांची नावं असतील, आणि काही नावांपुढे कधीच रेघ मारलेली नसेल. ही नावं पुस्तिकेत छापू नका. त्यांची मुलं तुमच्याच बरोबर शाळेत होती.

गावात सहकारी पतपेढी होती, बँक होती, पण घर बांधणाऱ्याला खरं कर्ज ट्रकवाला देत होता. चिरा आज, पैसे मुलाची मनीऑर्डर आली की. चाकरमानी मुलगा मुंबईहून पाठवणार आणि त्यावर घर उभं राहणार. आमच्या पट्ट्यातली ऐंशी-नव्वदच्या दशकातली कितीतरी चिरेबंदी घरं अशी ट्रकवाल्याच्या उधारीवर उभी आहेत. वास्तुशांतीला त्याला जेवायला बोलावत. बोलावत नव्हते असं नाही.

या सगळ्याचा भार दारात कोण झेलायचं? तुमची आई. तिच्याशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नका. हप्त्याचा माणूस आला की “गाडी बाहेर आहे” हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं ते विचारा. आमच्याकडचं सांगतो. एका फायनान्स कंपनीचे माझे तीन हप्ते थकले होते. श्रावण होता. गाडी घरामागे ताडपत्रीखाली. माणूस आला, आमची ही म्हणाली, गाडी बाहेर आहे, हे पण बाहेर आहेत. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. तो पुढे होऊन म्हणाला, “न्हाय वो, परसात हाय की.” तो माणूस हसला. चहा प्याला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला. हिच्या पाटल्या गहाण ठेवून ती सोडवून आणेपर्यंत अकरा दिवस गेले.

माझ्या वहीत त्याची नोंद काय आहे माहीत आहे? ‘खो. ११’. बस. पाटल्या नाहीत, मुलाला मी त्या दिवशी मारलं ते नाही. तो आता चाळिशीचा आहे आणि त्याला ते आठवतं की नाही, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या वह्यांत जिथे ‘खो.’पुढे मोठा आकडा आहे तिथे थांबा. दोन-तीन म्हणजे रोजचंच. सात, नऊ, पंधरा दिसलं की त्याच्या मागे काहीतरी आहे. २६ जुलै २००५च्या पुढचे दिवस बघा, तिथे असेलच. महाड पाण्यात, दासगावला दरड, महामार्ग ठिकठिकाणी तुटलेला. अण्णा तेव्हा बाहेर असतील तर कुठल्यातरी पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे अडकले असणार, आणि घरी त्याचा पत्ता नसणार. सावित्रीच्या पुलाचं मात्र त्यांच्या वहीत मिळणार नाही, तो २ ऑगस्ट २०१६च्या रात्री गेला, तेव्हा त्यांनी गाडी सोडलेली होती. पण त्या सकाळी ते काय म्हणाले हे घरात कुणाला आठवतंय का ते बघा. ब्रिटिशांच्या काळातला तो दगडी कमानींचा पूल आम्ही प्रत्येकाने शेकडो वेळा दहा टन माल घेऊन ओलांडला होता. बातमी आली तेव्हा मी भाकरी तशीच ठेवून उठलो आणि बाहेर जाऊन बसलो होतो.

घाटाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय, कारण त्यावर सगळेच लिहितात. पण एक गोष्ट वहीत नसते ती सांगतो. चांगला ड्रायव्हर चढताना नाही, उतरताना कळतो. आमच्या उस्तादाचा नियम होता: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे होते, सारखा ब्रेक दाबून त्यांची लायनर तापायची, जळका वास यायचा, आणि मग पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा. कशेडीत, आंबा घाटात, परशुरामच्या उतारावर असे किती गेले ते मी मोजणार नाही. अण्णांनी अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली आणि घरात, अंथरुणावर गेले, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ ते हळू उतरायचे. हे पुस्तिकेत जरूर लिहा.

क्लीनर कोण होता? एकापेक्षा जास्त असतील. त्यातला एक शोधाच. तो साठीच्या आतबाहेर असेल, कुठे रिक्षा चालवत असेल नाहीतर कुणाच्या बागेत राखणीला असेल. आईला माहीत नाही ते त्याला माहीत असतं. अण्णा झोप आल्यावर काय करायचे, कुठल्या ठिकाणी गाडी थांबवून नारळ द्यायचे, कुठल्या हॉटेलवाल्याशी भांडण होतं, कोणतं गाणं लावायचे, की काहीच लावायचे नाहीत आणि इंजिन ऐकायचे. त्याच्याकडे जाताना अण्णांची एखादी वस्तू घेऊन जा. टॉमी, जॅक, पाना, काहीही. वस्तू हातात दिली की माणूस बोलतो. रिकाम्या हाताने गेलात तर तो “देवमाणूस होते” म्हणेल आणि गप्प बसेल, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. तसंच पेट्रोल पंपावर जुनं उधारीचं रजिस्टर कुणी ठेवलंय का बघा. आणि पंक्चरवाला. पंक्चरवाल्यासारखी आठवण कुणाची नसते.

एक हलकी गोष्टही असू दे. तेव्हा लग्नाचं वऱ्हाड ट्रकमधून जायचं. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्याने बंदी, पण पाखाडी उतरून तिठ्यावर आलेल्या साठ माणसांना सांगणार कोण? हौदा धुवायचा, गवत पसरायचं, वर सतरंज्या. एकदा मी आदल्या रात्री सुक्या मासळीची पोती उतरवून आलो आणि सकाळी वऱ्हाड. फिनेल मारलं, शेणाने सारवलं, उदबत्त्या लावल्या. लांज्याच्या पुढे ऊन चढलं आणि बोंबलाने आपलं काम दाखवलं. नवऱ्याची आत्या माझ्याशी पुढची वीस वर्षं बोलली नाही. तुमच्या वह्यांत वैशाखात ‘ल.’ दिसलं आणि पुढे रुपयांऐवजी ‘पागोटे-ना.’, म्हणजे पागोटं आणि नारळ, असं असलं, तर ते वऱ्हाड. गावच्या लग्नाचं भाडं आम्ही घेत नव्हतो. घेतलं असतं तरी त्यांनी बाकीच ठेवलं असतं.

२०१४ला त्यांनी गाडी का सोडली असा तुमच्या मनात प्रश्न असेल. एक कारण कुणी सांगेल ते खरं धरू नका. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ला. पुढच्याच वर्षी कोलाड ते गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत रेल्वेवर ट्रक चढवून नेण्याची सोय आली, पण ती लांबच्या गाड्यांना. आमच्यासारखा मधल्या मध्ये चिरा टाकणारा त्यात कुठे चढणार आणि कुठे उतरणार? २००५ला छोटा हत्ती आला आणि वाडीतलं बारीक भाडं त्याने नेलं. जे रस्ते आम्ही चाकाने रुंद केले त्यावरून तो नाचत जायचा. आणि मोठं भाडं डंपरवाल्यांनी नेलं, ज्यांच्या आठ-आठ गाड्या आणि स्वतःच्या खाणी. मग महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं, ते वर्षानुवर्षं चाललं. महामार्गाचा नंबर सतराचा सहासष्ट झाला तरी खड्डे तेच. १२१० मॉडेलला तोवर सुट्टे भाग मिळेनात. आणि कंबर. चाळीस वर्षांच्या माणसाची कंबर गेलेली असते तिथे ते साठीच्या आसपास असतील. माझी गाडी मी विकली तेव्हा भंगारवाल्याने वजनावर घेतली. फाळका, म्हणजे हौद्याची मागची फळी, तेवढा मी काढून ठेवला, त्यावर आईचं नाव पेंटरकडून लिहून घेतलेलं होतं. आज गोठ्याचं दार आहे ते.

तुमच्याकडे फाळका नसेल तर गाडीचा एखादा फोटो असेल. त्यात मागे काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. ‘हॉर्न ओके प्लीज’ सगळ्यांचंच असायचं, २०१५ला राज्यात ते लिहायला बंदी आली. त्याच्या खाली जे असेल ते त्यांनी पेंटरला स्वतः सांगितलेलं असणार. ग्रामदेवतेचं नाव असेल, मुलांची असतील. तुमचं नाव असलं तर कितवं आहे ते बघा, म्हणजे धाकट्याच्या जन्माआधीची गाडी की नंतरची ते कळेल.

आता ते पान. ‘को. खाली आलो.’

‘को.’ म्हणजे कोल्हापूर, त्यात शंका नाही. ‘खाली’चे आमच्यात दोन अर्थ. घाट उतरून कोकणात येणं म्हणजे खाली येणं, आणि रिकामी गाडी म्हणजेही खाली गाडी. घाट उतरल्याचं कुणी वहीत लिहीत नाही, तो रोजचाच. म्हणजे ते रिकामे आले. आता तारीख बघा. नोव्हेंबरचा मध्य. जाताना लाकूड नेलं असेल नाहीतर सुकी मासळी, आदल्या दिवसाच्या नोंदीत मिळेल. पण येताना? दिवाळीनंतर कोल्हापूरला गुळाचा हंगाम सुरू होतो. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, राशी लागलेल्या असतात आणि कोकणातल्या दुकानदारांना गूळ हवाच असतो. वर्षातल्या ज्या काही थोड्या दिवसांत परतीचं भाडं हमखास, लवकर आणि चांगलं मिळतं, त्यातले ते दिवस. तेव्हा एका गाडीचा मालक, ज्याचा हप्ता चालू आहे, तो ओळ सोडून, आंबा घाटाने सव्वाशेएक किलोमीटर, वीस-पंचवीस लिटर डिझेल जाळत रिकामा घरी येतो. खोटी नाही, दोन तास थांबणंसुद्धा नाही. आणि तेवीस वह्यांत, तुम्ही म्हणता तसं, वाक्य एकही नाही. इथे मात्र ‘आलो’ असं क्रियापद आहे.

त्या काळी निरोप हुंडेकऱ्याच्या ऑफिसातल्या फोनवर यायचा. कुणीतरी लांज्यातून ट्रंककॉल लावून निरोप ठेवला असणार. काय होता ते मला कसं कळणार? आईला इंग्रजी तारीख विचारू नका, त्यांना ती आठवायची नाही. विचारा की १९९१ची दिवाळी झाली होती, तुळशीचं लग्न दोन-चार दिवसांवर होतं, गुरुवार होता, आणि अण्णा रिकामी गाडी घेऊन घरी आले होते.